शेतकरी कुठाय?

आम्ही माणदेशातल्या एका बचत गटाच्या नऊजणी. माइकपुढं एकच बसली असली तरी हे बोलणं नऊजणींचं आहे, म्हणून ‘आम्ही’ म्हणूनच सांगतो.

सप्टेंबरच्या सुरुवातीला तालुक्याच्या शाळेतली पहिलीची 31 मुलं आमच्याकडं क्षेत्रभेटीला आली होती. आमच्याकडं म्हणजे आमच्यातल्या अक्कांच्या शेतावर. दीड एकर भुईमूग, मधे तुरीच्या ओळी, कडेला जुनी विहीर. अक्कांचे मालक जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून पेरणी, भांगलण, काढणी सगळं अक्का बघतात, आणि आम्ही एकमेकींच्या रानात सावडीनं जातो.

मुलं येणार म्हटल्यावर आठ दिवस आमची धांदल. विहिरीला कठडा नाही, म्हणून भोवतीनं बाभळीच्या फांद्या लावल्या. औषधाचे रिकामे डबे घरी नेऊन कुलपात ठेवले. बाईंना निरोप दिला, की पोरांना बूट घालूनच आणा, रानात विंचूकाटा असतो. आणि मोठा प्रश्न, मुलींनी जायचं कुठं? चार बांबू रोवून जुन्या साड्यांचा आडोसा केला. तो करताना आमच्यातली एक म्हणाली, इतकी वर्षं आपण दिवसभर पाणी न पिता भांगलतोय, आपल्यासाठी हे कधी सुचलं नाही. तो आडोसा अजून काढलेला नाही.

मधेच शाळेतून कागद आला. शेतमालकाचं संमतीपत्र पाहिजे, सोबत सातबारा. अक्कांनी सही केली. दोन दिवसांनी कागद परत. सातबाऱ्यावर नाव आहे त्याचीच सही लागेल म्हणे. सातबाऱ्यावर नाव अक्कांच्या थोरल्या दिरांचं, पुढं ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. सासरे वारले तेव्हा थोरल्याचं एकट्याचं नाव लागलं, धाकट्याचं राहिलं. धाकटे गेल्यावर बायकोचं नाव लावायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. दीर मुंबईला असतात, माणूस चांगला आहे. फोन केला तर त्यांनी लगेच सही करून मोबाइलवर फोटो पाठवला. शाळेचंही काही चुकलं नाही, त्यांना मुलांची जबाबदारी असते. पण त्या रात्री अक्का जेवल्या नाहीत.

तर मुलं आली. बांधावर रांगेत उभी केली, कारण भुईमुगाला आऱ्या सुटल्यावर आत पाय घालायचा नसतो. विचारलं, शेंगा कुठं असतात? सगळी वर बघायला लागली. एकजण तर तुरीच्या झाडाकडं बोट दाखवत होता. मग अक्कांनी एक डहाळा उपटला. पिवळं फूल दाखवलं. फूल सुकलं की त्याच्या जागेवरून दोऱ्यासारखी आरी निघते, ती वाकून मातीत शिरते आणि मातीत गेल्यावर तिच्या टोकाला शेंग धरते, हे दाखवलं. फूल वर, फळ खाली. पोरं गप्प झाली. मुळावरच्या गाठी बघून एकीनं विचारलं, झाडाला पुरळ आलाय का? त्या गाठीत बारीक जिवाणू असतात, ते हवेतला नत्र झाडाला देतात, हे अक्कांनी त्यांच्या भाषेत सांगितलं. नखानं गाठ फोडली, आत लालसर निघाली. लालसर म्हणजे काम चालू आहे. कोवळ्या दुधाळ शेंगा हातावर ठेवल्या, तर निम्म्यांनी टरफलासकट खाल्ल्या.

भाकरी-पिठलं खाताना एक चुणचुणीत पोरगी अक्कांजवळ आली. “आजी, शेतकरी कधी येणार?”

“मीच की गं.”

तिनं अक्कांना खालपासून वरपर्यंत बघितलं. “मग तुमचे बैल कुठायत? आणि पागोटं?”

आम्ही सगळ्या हसलो. अक्काही हसल्या. बाई तेवढ्या ओशाळल्या.

दुसऱ्या आठवड्यात अक्का म्हणाल्या, चला तलाठ्याकडं. आम्ही चौघी गेलो. ज्यांच्या घरी असंच राहिलं असेल त्यांनी नीट ऐका. माणूस गेल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवून वारसनोंद करायची असते. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, अर्ज नंतरही देता येतो. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं द्यायची, पुढचे कागद तलाठी सांगतात. मग फेरफार धरला जातो, नोटिसा निघतात, हरकतीला 15 दिवस असतात, आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. विधवा ही नवऱ्याची वारस आहेच, त्यासाठी कुणाची मेहरबानी लागत नाही. अर्जाची पोच मात्र घ्याच. आम्ही पहिल्या खेपेला न घेताच आलो होतो, परत जावं लागलं.

अक्कांना दोन नोंदी कराव्या लागणार आहेत, आधी सासऱ्यांच्या मागं नवऱ्याची, मग स्वतःची. दिरांना फोनवर सांगितलं, तर ते जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, दिवाळीला आलो की बोलू. अजून आलेले नाहीत. अर्ज मात्र दिलेला आहे.

शेंगा ऑक्टोबरात निघतील. काढणी बघायला मुलं परत येणार आहेत. शाळेनं संमतीपत्राचा कोरा कागद आधीच पाठवलाय, तो अक्कांनी देव्हाऱ्यामागं ठेवलाय.