गल्लीतला दिवा कोणत्या कलमात येतो?

(पिंपरीत झालेल्या युवक-युवतींच्या शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला, 'शाळेतल्या मुलांना शासनव्यवस्था कशी शिकवावी'. मी शिक्षक नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण गेलं दीड वर्ष दर रविवारी सकाळी आठवी ते दहावीची पंधरा-वीस मुलं-मुली आमच्या भागातल्या एका खोलीत जमतात आणि आम्ही दोन तास बोलतो. काही उर्दू माध्यमाची, काही मराठी, दोघं-तिघं इंग्रजी. त्यातून मला जे कळलं आणि मी जिथे चुकलो, तेवढंच सांगतो.

आधी एक कबुली. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत मला माझा प्रभाग क्रमांक माहीत नव्हता. अमेरिकेची निवडणूक कशी होते ते माहीत होतं, कारण ऑफिसात त्याच गप्पा चालायच्या. इंजिनिअरिंगची डिग्री होती, पगार होता, टॅक्स कापला जात होता. पण घरासमोरची गटार तुंबली की अब्बा म्हणायचे, 'किसी को बोलो'. हा 'किसी' कोण, ते मला माहीत नव्हतं.

यात माझा आळस होताच. पण आपल्या अभ्यासक्रमाचीही एक गंमत आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका हे सगळं आपण सहावीत शिकतो, अकराव्या वर्षी. सातवीत संविधान, आठवीत संसद आणि न्यायव्यवस्था, नववीत परराष्ट्र धोरण, दहावीत निवडणूक प्रक्रिया आणि राजकीय पक्ष. म्हणजे मूल जसजसं मोठं होतं तसतसं पुस्तक त्याच्या गल्लीपासून लांब जातं. अकरावीला सायन्स घेतलं की तो विषयही संपला. अठराव्या वर्षी मत द्यायची वेळ येते, तेव्हा सहावीतलं काही आठवत नाही.

आमच्या शहरात तर आणखी एक गोष्ट झाली. पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. माझ्या वर्गातली आज नववीत असलेली मुलं २०२२-२३ साली सहावीत होती. 'नगरसेवक आपल्या प्रभागाचे प्रश्न सभागृहात मांडतात' असं पाठ करून त्यांनी पेपर लिहिला, तेव्हा शहरात एकही नगरसेवक नव्हता.

वर्ग सुरू केला तेव्हा पहिला महिना मी वाया घालवला. इंजिनिअर माणूस, स्लाइड बनवल्या. मूलभूत हक्क, कलम १२ ते ३५, बाण, चौकटी, रंग. मुलं गप्प बसून ऐकायची. मला वाटलं, छान चाललंय. चौथ्या रविवारी दहावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, कलम एकोणीस कळलं. पण आमच्या गल्लीतला दिवा कोणत्या कलमात येतो?"

सगळे हसले. मीही हसलो. तिने पुढे सांगितलं की त्यांच्या गल्लीतले तीन दिवे कित्येक महिने बंद आहेत. हिवाळ्यात लवकर अंधार पडतो, म्हणून तिच्या अम्मीने संध्याकाळची ट्यूशन बंद केली. तिच्यासोबत आणखी दोन मुलींची बंद झाली. दहावीचं वर्ष होतं. मग कोणी हसलं नाही.

घरी जाऊन मी शोधलं, आणि उत्तर खरंच सापडलं. १९९२ साली ७४ वी घटनादुरुस्ती झाली. तिने संविधानात बारावी अनुसूची जोडली. शहरांच्या संस्थांकडे द्यायचे अठरा विषय त्यात आहेत. सतराव्या क्रमांकावर सार्वजनिक सुविधा आहेत, आणि त्यात रस्त्यावरचे दिवे शब्दात लिहिलेले आहेत. पुढच्या रविवारी मी तिला सांगितलं, "तुझ्या गल्लीतला दिवा संविधानात आहे." त्या दिवसापासून स्लाइड बंद.

मग आम्ही उलट्या बाजूने शिकायला लागलो. आधी मुलाची अडचण, मग ती कोणाच्या अखत्यारीत येते, मग कायदा. पहिला धडा नकाशाचा. मी विचारलं, तुमचा कचरा कोण उचलतं? कोणी म्हणालं आमदार, एकाने तर थेट पंतप्रधानांचं नाव घेतलं. मग प्रत्येकाने आपलं घर शोधलं. कोणता प्रभाग? 'अ'पासून 'ह'पर्यंतच्या आठ क्षेत्रीय कार्यालयांपैकी आपलं कोणतं? दोन मुलं चाकणच्या बाजूची, मेदनकरवाडीची निघाली. त्यांना महापालिका नाहीच. चाकण गावाला २०१५ पासून नगरपरिषद आहे आणि एमआयडीसीच्या कडेच्या कित्येक वस्त्या आजही ग्रामपंचायतीत आहेत. ज्या हिंजवडीत आयटीवाले रोज अडकतात, तीही ग्रामपंचायत.

मेदनकरवाडीच्या मुलाला मी ग्रामसभेबद्दल सांगितलं. वर्षातून किमान चार व्हायला हव्यात, गावच्या मतदाराला तिथे उभं राहून हिशेब विचारता येतो. तो म्हणाला, "पण सर, अब्बाचं नाव तर अजून नांदेडच्या यादीत आहे." बारा वर्षं ते चाकणच्या कंपनीत कंत्राटी कामगार आहेत. राहतात इथे, पाणी इथलं पितात, आणि मत चारशेहून जास्त किलोमीटरवर. आपल्या पट्ट्यातल्या हजारो घरांची हीच गोष्ट आहे. पत्ता बदलला की फॉर्म ८ भरायचा असतो, एवढं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते त्या मुलाने घरी जाऊन सांगितलं.

आता दिव्याकडे येऊ. मुलांनी अर्ज लिहिला. माझ्या अटी तीन. एका अर्जात एकच विषय. विशेषणं नकोत, तारखा आणि खांबाचे क्रमांक हवेत. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजायचं.

अर्ज तयार झाला आणि शनिवारी रात्री त्या मुलीचे वडील माझ्याकडे आले. शांत माणूस. म्हणाले, "सर, आप पढ़ाते हो, अच्छा है. लेकिन मेरी बच्ची का नाम उसपे मत डालो. हमारा नाम देखेंगे तो काम और लटकेगा. कल कुछ हुआ तो लिस्ट में सबसे पहले वही नाम होगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'घाबरू नका' म्हणणं मला सोपं होतं. माझ्याकडे कंपनीचं ओळखपत्र आहे, वकील मित्र आहेत, इंग्रजी येते. त्यांच्याकडे यातलं काही नाही. त्यांची भीती खोटी आहे असं मी आजही म्हणणार नाही. मी एवढंच म्हणालो की मुलीचं नाव राहणार नाही, अल्पवयीन मुलांवर मी जबाबदारी टाकणार नाही. अर्ज गल्लीच्या नावाने जाईल.

आणि हे गल्लीच्या नावाने जाणं हाच खरा धडा ठरला. मुली घरोघर फिरल्या. त्या गल्लीत लातूरचे, धाराशिवचे, बिहारचे लोक राहतात. अंधार सगळ्यांनाच आहे. रात्रपाळीहून येणाऱ्या एका मावशींनी पहिली सही केली. समोरच्या घरातले काका म्हणाले, "आम्ही दोनदा फोन केला होता, पण लिहून कोणी दिलं नाही." तेवीस सह्या झाल्या. त्यात निम्म्याहून जास्त नावं आपली नव्हती, आणि सर्वांत शेवटची सही त्या मुलीच्या वडिलांची होती. मी त्यांना सांगायला गेलो नव्हतो.

अर्ज एका कार्यालयात दिला. महिना गेला, काही नाही. ऑनलाइन पाहिलं तर तक्रार 'निकाली' दाखवत होती. दिवे बंदच. मुलं चिडली. एक जण म्हणाला, "बघा सर, काही उपयोग नाही." मी म्हणालो, "आमच्या कामात याला बग म्हणतात. सिस्टीम म्हणते झालंय, प्रत्यक्षात झालेलं नाही. मग आपण लॉग बघतो." आपल्याकडे लॉग बघायचं साधन म्हणजे २००५ चा माहितीचा अधिकार. अर्ज मी माझ्या नावाने केला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, म्हणून मुलांनी प्रश्न घासून घासून तीन केले. या गल्लीत नोंदीनुसार दिवे किती? शेवटची दुरुस्ती कधी? तक्रार कोणत्या तपासणीनंतर निकाली काढली? कायद्याने उत्तर तीस दिवसांत यायला हवं. ते आलं. त्याआधीच दोन दिवे लागले होते.

तिसरा अजून बंद आहे. मुद्दाम सांगतोय, कारण अशा व्यासपीठांवर आपण फक्त यशोगाथा सांगतो. पण त्या मुलीची ट्यूशन फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाली, परीक्षेच्या आधी.

तोच फेब्रुवारी, २०२५ चा. कुदळवाडी-चिखलीत महापालिकेने मोठी कारवाई केली, हजारो पत्राशेड, गोदामं, वर्कशॉप पाडले गेले. माझ्या वर्गातल्या तीन-चार घरांचे नातेवाईक भंगाराच्या धंद्यात आहेत. त्या रविवारी दुसरा विषयच निघाला नाही. मुलांच्या फोनवर व्हिडिओ होते, आणि त्याखाली दोन्ही बाजूंनी लिहिलेलं विष.

मी फळ्यावर दोन रकाने केले. पालिकेचं म्हणणं काय? अनधिकृत बांधकामं, आगी, प्रदूषण. व्यावसायिकांचं म्हणणं काय? पुरेसा वेळ नाही, पर्यायी जागा नाही, हजारो कामगारांची रोजी गेली. मग तिसरा प्रश्न विचारला. यात आपल्याला कुठे, कोणत्या तारखेला बोलता आलं असतं? नोटीस कोणी वाचली होती? जमिनीवर आराखड्यात काय दाखवलंय ते कोणी पाहिलं होतं? वर्ग शांत झाला.

तीन महिन्यांनी, १७ मे ला, त्याच चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले गेले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला होता. ती मध्यमवर्गीयांची, आयुष्यभराच्या कमाईची घरं होती. मी मुलांना म्हणालो, भेदभाव होतो तेव्हा त्याबद्दल बोलायचं, लपवायचं नाही. पण प्रत्येक गोष्ट फक्त आपल्याच नावाने घडते असं धरून बसलो तर कागद वाचायची सवय कधीच लागणार नाही. निळी रेषा कोणाचं आडनाव बघत नाही.

योगायोगाने त्याच मे महिन्यात शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला होता आणि हरकती-सूचनांसाठी साठ दिवस होते. आम्ही नकाशे उघडले. कोणता रंग रहिवासी, कोणता हिरवा पट्टा, शाळेसाठी आरक्षण कुठे, रस्ता कोणाच्या घरावरून जातो. मुलांनी आपापल्या गल्ल्या शोधल्या आणि पालकांना बोलावलं. शहरातून हजारो हरकती गेल्या, त्यात आमच्या वर्गाच्या घरांतून नऊ होत्या. शेवटच्या दिवशी रांगेत उभे राहिलेल्यांमध्ये ते वडीलही होते. यावेळी अर्ज त्यांच्या एकट्याच्या नावाने होता.

मी त्यांना काही विचारलं नाही. त्यांनीच पोचेची प्रत दाखवली. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, दिव्याच्या अर्जाच्या मागे लावलेली.

आता तुमच्याकडे मागणं. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण नोकरी करतात. आपल्या शाळांत २६ जानेवारी २०२० पासून परिपाठाला उद्देशिका वाचली जाते. मुलांना ती पाठ आहे, ते चांगलंच आहे. त्यापुढची पायरी शिकवायला शिक्षक अपुरे पडतात, आणि ती तुम्ही शिकवू शकता. त्यासाठी वकील असावं लागत नाही. अर्ज लिहिता यायला हवा आणि आठवड्यातून दोन तास हवेत.

सुरुवात स्वतःपासून करा. आज घरी जाऊन आपला प्रभाग किंवा ग्रामपंचायत शोधा आणि मतदारयादीत घरातल्या प्रत्येकाचं नाव तपासा. सतरा वर्षांच्या भावाला, बहिणीला सांगा की फॉर्म ६ आधीच भरता येतो. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आहेत, पूर्ण वर्ष थांबावं लागत नाही. गेल्या जानेवारीत आमच्या मुलांनी घरोघर समजावलं की चार सदस्यांच्या प्रभागात चार मतं द्यायची असतात, एकच बटण दाबून बाहेर यायचं नसतं. मतदान न करू शकणाऱ्या मुलांनी मतदारांना शिकवलं.

आणि वर्ग घ्याल तेव्हा मुलांना पहिल्या दिवशी कलमं सांगू नका. त्यांना विचारा, तुमच्या गल्लीत काय बंद आहे.

आमचा तिसरा दिवा बंद आहे. आता नगरसेवक निवडून आलेत, एका प्रभागात चार. येत्या रविवारी मुलं त्यांना द्यायचं पत्र लिहिणार आहेत. दुसरी प्रत पोचेसाठी.