गरज होती, बाजारपेठ नव्हती

(दिल्ली येथे स्पर्धा परीक्षांच्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानातून)



मागणी म्हणजे गरज, इच्छा आणि क्रयशक्ती, ही व्याख्या आपणा सर्वांना पाठ आहे. सॅनिटरी नॅपकिनचा आरंभीचा इतिहास पाहिला की ती अपुरी वाटू लागते.

अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने १८९६ च्या सुमारास 'लिस्टर्स टॉवेल्स' विक्रीस आणले. गरज सार्वत्रिक होती, पैसे देऊ शकणाऱ्या स्त्रियाही होत्या. तरीही खप बेताचाच राहिला, कारण ही वस्तू दुकानदाराकडे नाव घेऊन मागावी लागे.

पुढे पहिल्या महायुद्धात किंबर्ली-क्लार्क कंपनीने जखमांवर बांधण्यासाठी लाकडाच्या लगद्यापासून 'सेल्युकॉटन' पुरवले. ते कापसाहून अधिक शोषक आणि स्वस्त होते. युद्धभूमीवरील परिचारिकांनी ते पाळीच्या दिवसांत वापरून पाहिले. १९१८ मध्ये युद्ध थांबले, माल पडून राहिला आणि त्यातूनच १९२० मध्ये 'कोटेक्स' आले. त्याच्या विक्रीची युक्ती पाहा : दुकानात खोकी उघड्यावर मांडलेली, शेजारी पैशांची डबी. न बोलता खोके उचलावे, पैसे टाकून निघावे. व्यवहार-खर्चाचा सिद्धान्त रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये मांडला. दुकानदारांना तो आधीच उमगला होता म्हणायचा!

आपल्या दिल्लीतही टाकाऊ मालातूनच एक प्रयोग उभा राहिला. १९९९ मध्ये सुरू झालेली 'गूंज' संस्था शहरांतील जुन्या सुती कापडाचे पॅड करून ग्रामीण स्त्रियांपर्यंत पोहोचवते. त्यासोबत पाळीविषयी मोकळेपणाने बोलण्याच्या बैठकाही घेते.

शासनाचा भर मात्र मुख्यतः किमतीवर राहिला. जुलै २०१७ पासून नॅपकिनवर १२ टक्के वस्तू व सेवा कर होता. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या एका संशोधक विद्यार्थिनीने त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. २१ जुलै २०१८ रोजी परिषदेने करमाफीचा निर्णय घेतला. येथे एक भेद ध्यानात ठेवा : करमाफी म्हणजे शून्य दर नव्हे. करमाफ वस्तूच्या उत्पादकास कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. साहजिकच किंमत पूर्ण १२ टक्क्यांनी उतरत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते २४ वयोगटात नॅपकिन वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ४२ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ६४ टक्क्यांवर गेले. वाढ मोठीच आहे. आणि तरीही राजधानीतील कितीतरी दुकानदार हे पाकीट न सांगताच वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून देतात.