हप्ता थकण्याआधी बँकेची पायरी
(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



काल इथे अथर्वशीर्षाची आवर्तने झाली, उद्या मुलांच्या नाट्यछटा आहेत, आणि मधल्या संध्याकाळी मी गृहकर्जाचा रुक्ष विषय घेऊन उभा आहे. सेक्रेटरींना मी म्हटलं होतं, सणात हे कशाला? ते म्हणाले, "साहेब, सगळे एकत्र सणातच भेटतात." ते खरं आहे. मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची १२ गृहकर्ज आणि वसुली विभागात. निवृत्तीनंतर इथे बंगळुरातच राहिलो. या काळात आपल्याच ओळखीतली काही माणसं माझ्याकडे आली, आणि बहुतेक उशिरा आली. म्हणून आज बोलतो आहे.

आपण घर सोडून इथे आलो. फ्लॅट घेतला तेव्हा गावी आई-वडिलांनी पेढे वाटले. त्यामुळे नोकरी गेली, आजारपण आलं, धंदा बसला, तरी हप्ता थकल्याचं आपण कोणाला सांगत नाही. वर्गणी पूर्ण देतो, महाप्रसादाला येतो, आणि घरी बँकेचं पाकीट न फोडता फ्रिजवर ठेवतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. बँकेची पायरी मात्र शहाण्याने वेळेत चढावी.

आधी एका शब्दाचा घोळ दूर करतो. अमेरिकेतल्या भाच्याकडून आपण 'फोरक्लोजर' ऐकतो, तेव्हा त्याचा अर्थ घर जप्त होणं असा असतो. आपल्याकडे बँकेत 'फोरक्लोजर स्टेटमेंट' मागितलं, तर मुदतीआधी कर्ज फेडायला किती रक्कम लागेल त्याचा कागद मिळतो. आपल्याकडे घर जातं ते सरफेसी कायद्याने. हा कायदा २००२ सालचा. त्यात बँकेला दिवाणी दावा न लावता तारण घर ताब्यात घेऊन विकता येतं. गृहवित्त कंपन्यांनाही तो लागू आहे.

त्याचं वेळापत्रक प्रत्येकाला पाठ हवं. हप्ता चुकला की दुसऱ्या दिवसापासून बँकेचा संगणक मोजायला लागतो. तीस-तीस दिवसांचे तीन टप्पे असतात. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक. मग कलम १३(२) ची नोटीस येते: ६० दिवसांत सगळं येणं भरा. लक्षात घ्या, सगळं येणं, नुसते चुकलेले हप्ते नव्हे. या नोटिशीला लेखी हरकत घेता येते, आणि बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. ६० दिवस गेले की बँक कलम १३(४) खाली ताबा घेऊ शकते. आधी दारावर नोटीस चिकटते, वर्तमानपत्रात छापून येते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. त्यानंतर मूल्यांकन, राखीव किंमत आणि लिलाव. बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पूर्वी लिलावाच्या दिवसापर्यंत पैसे भरून घर सोडवता येई. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्याआधीच पूर्ण रक्कम भरावी लागते.

म्हणजे हातात वेळ असतो, पण तो सुरुवातीला असतो. पहिला हप्ता चुकण्याआधी गेलात तर तुम्ही बँकेचे चांगले ग्राहक असता. ९० दिवसांनंतर गेलात तर वसुलीची फाईल. एकदा एनपीए झालेलं खातं थोडे पैसे भरून पूर्ववत होत नाही. मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरावी लागते.

आता मागायचं काय? "काहीतरी करा" असं सांगितलं तर बँक काही करत नाही. मागण्यासारख्या गोष्टी चार-पाचच आहेत.

पहिली, व्याजदर तपासा. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली असतात. तुमचं कर्ज त्याआधीचं असेल आणि जुन्याच पद्धतीवर असेल, तर थोडं शुल्क भरून नव्या पद्धतीत जाता येतं. नोकरी शाबूत असेल तर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवता येतं. नोकरी गेल्यावर दुसरी बँक दारात उभं करत नाही.

दुसरी, मुदत वाढवणं. हिशोब सांगतो. ४० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता ३४,७१३ रुपये. पाच वर्षांनी सुमारे ३५ लाख २५ हजार मुद्दल बाकी असतं आणि १५ वर्षं उरतात. ती २० केली तर हप्ता सुमारे ३०,६०० होतो. महिन्याला चार हजारांचा दिलासा. पण शेवटपर्यंत तसंच चालवलं तर एकूण सुमारे ११ लाख जास्त जातात. म्हणून मुदत वाढवणं हे औषध आहे, रोजचं जेवण नव्हे. दिवस पालटले की हप्ता पुन्हा वाढवा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही. निवृत्तीचं वय जवळ असेल तर बँक मुदत फार वाढवत नाही, हेही ध्यानात ठेवा.

तिसरी, काही महिने फक्त व्याज भरण्याची किंवा हप्ते पुढे ढकलण्याची सवलत. चौथी, दंडाची रक्कम माफ करणं. २०२३ साली रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दंड हा व्याजदर वाढवून लावायचा नाही, वेगळं शुल्क म्हणून लावायचा, आणि त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. तुमच्या उताऱ्यात तो कसा लावलाय ते पाहा.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पुनर्रचना हा कर्जदाराचा हक्क नाही. कोविडच्या काळात २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते स्थगित करण्याची मुभा होती, त्यानंतर २०२१ पर्यंत पुनर्रचनेच्या खास योजना आल्या. त्या संपल्या. आता निर्णय बँकेचा. शिवाय अडचणीमुळे अटी बदलल्या की क्रेडिट रिपोर्टवर 'रिस्ट्रक्चर्ड' अशी नोंद येते आणि पुढची कर्जं अवघड होतात. म्हणून अर्ज करण्याआधी विचारा: ही नुसती मुदतवाढ धरणार की पुनर्रचना? उत्तर लेखी घ्या.

आता फाईल. एक साधी दोरीची फाईल घ्या. मंजुरीपत्र, करारनामा, कर्जखात्याचा उतारा, सहा महिन्यांचं बँक पासबुक, पगाराच्या शेवटच्या पावत्या, दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं, आणि अडचणीचा पुरावा: कंपनीचं पत्र किंवा हॉस्पिटलचे कागद. कर्जासोबत विमा काढला होता का ते पाहा. पुष्कळांनी काढलेला असतो आणि विसरलेला असतो. काही पॉलिसींत नोकरी गेल्यावर ठरावीक हप्ते मिळतात. मग एका पानावर घरखर्च मांडा. पती-पत्नींनी एकत्र बसून. किराणा, शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, गावी पाठवायचे पैसे. काही लपवू नका. वसुली खात्यातला माणूस रोज असले कागद बघतो, खोटा आकडा त्याला लगेच दिसतो.

अर्जही एकाच पानाचा. आपली जुनी सवय म्हणजे दोन पानं दुःख आणि शेवटी "तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती". सहानुभूतीचा रकाना बँकेच्या फॉर्मात नाही. चार परिच्छेद पुरेत. कर्ज क्रमांक आणि आजवरची परतफेड. काय घडलं, कोणत्या तारखेला. आज मी दरमहा किती भरू शकतो, आणि पूर्ण हप्ता केव्हापासून. माझी नेमकी मागणी. सहकर्जदाराची सही घ्या. शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, ईमेलही करा. निर्णय बहुधा विभागीय कार्यालयात होतो, त्यामुळे शाखेतल्या साहेबांच्या तोंडी "बघू" वर विसंबू नका. आणि उत्तर येईपर्यंत जमेल तेवढी रक्कम भरत राहा.

दोन घरं सांगतो, नावं नाही. एका जोडप्यात नवऱ्याची सॉफ्टवेअरमधली नोकरी गेली, बायको शाळेत शिक्षिका. तिने पहिल्याच आठवड्यात मला फोन केला. हप्ता चुकण्याआधी अर्ज गेला, पाच वर्षं मुदत वाढली. उरलेला हप्ता तिचा पगार आणि शिल्लक यांतून निघाला. सहा महिन्यांनी त्याला काम मिळालं आणि त्यांनी जुना हप्ता पुन्हा सुरू केला. घर राहिलं.

दुसऱ्या गृहस्थांनी वर्षभर क्रेडिट कार्डावरून आणि वैयक्तिक कर्ज काढून घराचे हप्ते भरले. महाग कर्जाने स्वस्त कर्ज फेडायचं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. माझ्याकडे आले तेव्हा १३(२) च्या नोटिशीला ७५ दिवस झाले होते. घरात ती कोणालाच माहीत नव्हती. बँकेशी बोलून, तिच्या लेखी संमतीने, लिलावाची जाहिरात निघण्याआधी आम्ही गिऱ्हाईक शोधलं. कर्ज फिटलं, चार पैसे हातात उरले, आज ते भाड्याच्या घरात आहेत. घर गेलं. पण स्वतः विकलेल्या घराला आणि लिलावातल्या घराला भाव सारखा येत नाही, आणि उरलेल्या पैशांवर मुलीचं शिक्षण पूर्ण झालं. घर विकणं हाही एक सन्मानाचा मार्ग आहे, हे मला आवर्जून सांगायचं आहे.

वसुलीवाल्यांना घाबरू नका. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी फोन करायचा नाही, शेजाऱ्यांत बभ्रा करायचा नाही, असे नियम आहेत. तसं घडलं तर बँकेला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. लोकपाल तुमचं कर्ज सवलतीत करून देणार नाहीत, पण गैरवागणुकीची दखल घेतील.

शेवटी मंडळाकडे एक मागणं. मंडळाने कोणाला पैसे द्यावेत असं मी म्हणत नाही. आपल्यात बँकेतली, वकिलीतली, हिशोबतपासणीतली माणसं आहेत. त्यांतल्या दोघा-तिघांनी महिन्यातून एक रविवार द्यावा. कोणी फाईल घेऊन आलं तर दार लावून, चहा देऊन कागद बघावेत, आणि ऐकलेलं तिथेच ठेवावं. पहिलं नाव माझं लिहून घ्या. आणि ज्यांच्या घरी फ्रिजवर न फोडलेलं पाकीट असेल, त्यांनी आज रात्री ते घरच्यांसमोर फोडावं.

गणपती बाप्पा मोरया!