खांबाभोंवतालची फट



लांकडी सज्ज्याच्या कठड्यावर हात टेकून पाऊस पाहण्याचें सुख ज्यांना लाभलें आहे, त्यांनीं एकदां आपल्या पायांखालीं अवश्य पाहावें. कठड्याचे खांब जेथें फळ्यांतून वर येतात, तेथें कांठाची पट्टी कशी बसविली आहे? ती खांबाला घट्ट चिकटलेली दिसली, तर आपण सुताराचें कौतुक करतों. मींही केलें होतें. माझ्या घराच्या माडीवरील सज्ज्यांत कोंपऱ्याच्या खांबाभोंवतीं पट्टी इतकी बेमालूम बसली होती कीं, मध्यें पोस्टकार्डही शिरत नसे. राहिलेली केसभर फट सुतारानें लांबी भरून बुजविली व वर रंग दिला. सहाव्या पावसाळ्यानंतर रंगाचा पोपडा निघाला, म्हणून मीं टोंचा लावून पाहिला. तो मुठीपर्यंत आंत गेला. खांब वरून धड, पण पायाशीं भुसा झाला होता. त्याच कठड्यावर रेलून माझी नात रोज शाळेच्या गाडीची वाट पाहत असे.

असें कां झालें? हवेंतील ओलाव्याप्रमाणें लांकूड फुगतें व आटतें. उभ्या रेषेंत तें जवळजवळ बदलत नाहीं. सारा फरक रुंदींत पडतो. सहा इंच रुंदीची सागवानी फळी भर पावसाळा व कडक उन्हाळा यांच्या दरम्यान सुमारें दीड मिलिमीटर कमीजास्त होऊं शकते. त्यामुळें घट्ट सांधा उन्हाळ्यांत उघडतो, लांबी तडकते, आणि पहिल्याच पावसाचें पाणी त्या बारीक फटींत शिरतें. तेथून त्याला बाहेर पडण्यास ना वाट, ना वारा. कापलेल्या टोंकाकडून तर लांकूड पाणी फार वेगानें शोषतें. लांकडांतील ओलावा शेंकडा 20 च्या वर दीर्घकाळ राहिला कीं बुरशीला आमंत्रणच मिळतें. सागाचा गाभा पुष्कळ टिकतो. परंतु त्याच्या कडेचा फिकट भाग लवकर कुजतो.

म्हणून पहिला नियम असा कीं, खांब व पट्टी यांच्यामध्यें सर्व बाजूंनीं एक सूत, म्हणजे सुमारें 3 मिलिमीटर, फट ठेवावी आणि ती भरूं नये. फट सर्वत्र सारखी असली म्हणजे ती चूक वाटत नाहीं. आंखीव रेघेसारखी शोभते.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. जुन्या घरांतील दोन खांब सहसा एकसारखे नसतात. म्हणून ओळंबा व गुण्या लावून प्रत्येक खांब स्वतंत्र तपासावा. शाळकरी मुलाच्या पेटींतील कंपास येथें उपयोगी पडतो. पट्टी आपल्या जागेला समांतर धरून खांबाला टेकवावी. तिला जितकें आंत सरकावयाचें आहे, तितका कंपास उघडावा. टोंक खांबाच्या कडेवरून फिरवीत न्यावें. पेन्सिल तीच आकृति पट्टीवर उमटवील. मात्र कंपास सतत सरकण्याच्या दिशेशीं समांतर राहिला पाहिजे. तो वळला कीं आकृति बिघडली. या आकृतीबाहेर एक सूत सोडून दुसरी रेघ आंखावी आणि त्या रेघेवर कापावें. खांचेच्या आंतल्या दोन्ही कोंपऱ्यांत आधीं गिरमिटानें छिद्र पाडावें, म्हणजे फळी तेथून चिरत नाहीं. बाजू करवतीनें कापाव्या. तळ पटाशीनें, दोन्ही तोंडांकडून अर्धा अर्धा, काढावा.

खांच पट्टींत पाडावयाची, खांबांत नव्हे. पट्टी बसेना म्हणून खांब तासणें म्हणजे टोपी बसेना म्हणून डोकें तासण्यासारखें आहे! रेलणाऱ्या माणसाचा सारा भार खांबाच्या पायाशींच तोलला जातो.

कोंपऱ्यावर दोन पट्ट्या तिरक्या कापून मिळवितात. कोंपरा काटकोनी असेलच असें नाहीं. आधीं कोन मोजावा व त्याच्या निम्म्या कोनांत प्रत्येक पट्टी कापावी. लांकूड आटलें म्हणजे हा सांधा आंतल्या बाजूनें उघडतो. म्हणून चांगलें वाळलेलें लांकूडच घ्यावें. स्क्रू पितळी असावे, लोखंडी गंजतात. आधीं छिद्र पाडून मग ते पिळावे. कापलेल्या प्रत्येक टोंकास पट्टी बसविण्यापूर्वींच तेल किंवा रंग पाजावा. नंतर तेथें कुंचला पोंचत नाहीं. फळ्यांना बाहेरच्या बाजूस फुटामागें एक सूत उतार असावा.

ज्यांना उघडी फट रुचत नाहीं, त्यांनीं खांबाभोंवतीं चार बारीक पट्ट्यांची चौकट बसवावी. ती खांबालाच जडावी, फळ्यांना नव्हे, आणि फळ्यांपासून किंचित् वर ठेवावी. दोहोंना जडली तर लांकडाची हालचाल तिला तडकवील.

आमचा तो खांब बदलला. नव्याभोंवतीं सूतभर फट आहे. घरीं येणारे पाहुणे, "सुतार चुकला वाटतें," असें म्हणतात, मी हंसतों. पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर मी प्रत्येक खांबाच्या पायाशीं टोंचा लावून पाहतों, आणि मगच नातीला कठड्यावर रेलूं देतों. आपल्या घरीं लांकडी सज्जा असेल, तर उद्यां सकाळीं एवढें तरी करावें, अशी माझी विनंती आहे.