राखणीचं पिलू
(जिल्हा बैठकीतील भाषणातून)



रानडुकरं आणि रोही ज्वारी ठेवत नाहीत, म्हणून आपण कुत्र्याचं पिलू आणतो. आठ दिवसांत ते चपला फाडतं, ठिबकची नळी चावतं, वेचलेल्या कापसात लोळतं. मग आपण काठी उचलतो. आम्ही गावोगाव हेच पाहतो.

ही खोड नव्हे, दातांची शिवशिव आहे. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडतात, सहा-सात महिन्यांत पक्के येतात. तोवर चघळायला जाड दोराची गाठ द्या. चप्पल धरली की ती सोडवून दोर पुढं करा. मारलेलं पिलू आपल्याच हाताला भ्यायला लागतं; भ्यालेलं कुत्रं राखण काय करणार?

दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडू नका. पहिल्या रात्री रडेल. आईखालचं गोणपाट जवळ ठेवा. भाकरी द्या, पण कांद्याचं कालवण नको. कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. फवारणीच्या बाटल्या, औषध चोळलेलं बियाणं कुलपात ठेवा. जिथं पिलू पोचतं, तिथं लेकरूही पोचतं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्या, पुढं दरवर्षी. पाश्चरनं १८८५ साली माणसाला ही लस टोचली. तरी आजही रोगाची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. खेळताना दात लागला तरी जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. चुना, मिरची, मंत्र काही नको.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या गावात किती कुत्र्यांना लस झाली, ते मोजून या.