पोस्टिंगमध्ये आम्हाला नेमकं काय शिकायचंय?

आजच्या भागात पाहुणे कोणी नाहीत, मीच बोलणार आहे. मी कोरेगावची. एमबीबीएसनंतर फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी करतेय. अभ्यासक्रम ३ वर्षांचा. मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, कॅज्युअल्टी असं आळीपाळीनं पोस्टिंग असतं. गावाकडं गेले की लोक विचारतात, "फॅमिली डॉक्टरच व्हायचं, मग मोठ्या हॉस्पिटलात एवढी वर्षं कशाला?" प्रश्न रास्त आहे.

बघा, वॉर्डात पेशंट पोचतो तेव्हा त्याच्या आजाराला बहुतेकदा नाव मिळालेलं असतं. गावातल्या दवाखान्यात तो नुसता म्हणतो, "डॉक्टर, बरं वाटंना." नाव आम्हीच शोधायचं. म्हणून मला पहिल्यांदा शिकायचाय तो आजाराचा पहिला तास.

सर्पदंशाचंच घ्या. मण्यार चावली तर खूण अनेकदा दिसतही नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतो आणि हळूहळू पापण्या जड व्हायला लागतात. घोणस चावली तर रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायला मोठं मशिन लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी आडवी करायची. रक्त पातळच राहिलं तर विष भिनलंय. हे पुस्तकात चार ओळींचं आहे. पण नातेवाईक दारात उभे असताना हात न थरथरता करायचं, तर ते कॅज्युअल्टीतच शिकावं लागतं.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवा. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग त्यांनी दाखवला, तो कोकणात पेशंटच्या उशाशी बसून. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरी गोष्ट, कुणाला ठेवायचं आणि कुणाला पाठवायचं. कोरेगावहून साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय वीसेक किलोमीटर. पाठवण्याआधी काय द्यायचं, गाडीत कसं झोपवायचं, चिठ्ठीत काय लिहायचं, हे आम्हाला चिठ्ठी वाचणाऱ्याच्या बाजूनं बघायचंय.

आणि तिसरी, पेशंट परत येतो तेव्हाची. डिस्चार्ज कार्डावर आठ गोळ्या असतात. कोणती कधी बंद करायची? आजी माझ्याकडंच येऊन विचारणार ना! म्हणून आम्हाला स्पेशालिस्टच्या ओपीडीत बसायचंय. प्रत्यक्षात काय होतं? आम्ही पाहुणे. दोन महिन्यांनी जाणार, मग रिपोर्ट आणा, कार्ड लिहा. कामाला ना नाही, पण त्यातच पोस्टिंग संपतं.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमानं एमडी-एमएस करणाऱ्यांनाही आता ३ महिने जिल्हा पातळीवर काम सक्तीचं आहे. म्हणजे ते आमच्या बाजूला येतायत, आम्ही त्यांच्या. मग बोलायला काय हरकत आहे?

ऐकणाऱ्या सीनियर मंडळींना एकच विनंती. राउंडला प्रत्येक पेशंटपाशी आम्हाला विचारा, "हा तुझ्या गावात, तुझ्या दवाखान्यात आला असता तर काय केलं असतंस?" उत्तर आलं नाही तर रागवा, हवं तर. पण विचारा.

तुमचा अनुभव जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!