कावीळ एक, कारणे अनेक : स्वागताध्यक्षीय भाषण



धरमपेठेत भरलेल्या या पचनविकार परिषदेसाठी आलेल्या सर्वांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करीत आहे. चंद्रपूर-गडचिरोलीपासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण ज्या शहराची वाट धरतात आणि जिथे ‘मेयो’ व ‘मेडिकल’ या रुग्णालयांची नावे घरोघरी रुळलेली आहेत, त्या नागपुरात ही परिषद भरणे औचित्याचे आहे. कारण रुग्ण कोणत्या प्रदेशातून आला, हा प्रश्न येथे निदानाचाच भाग ठरतो.

काविळीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. रक्तातील तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य तयार होते, यकृत ते पाण्यात विरघळण्याजोगे करते आणि पित्तनलिकेवाटे आतड्यात सोडते. या मार्गात पेशी जास्त मोडल्या, यकृताला सूज आली किंवा नलिकेत अडथळा आला, तरी डोळे सारखेच पिवळे दिसतात. म्हणून पोटविकारतज्ज्ञ आधी शौचाचा रंग विचारतो, कारण नलिका तुंबल्यास पित्त आतड्यात न पोहोचल्याने शौच पांढुरके होते, लघवी गडद होते आणि अंगाला खाज सुटते. त्यानंतर बिलिरुबिनचे पाण्यात विरघळणारा आणि न विरघळणारा असे दोन्ही प्रकार मोजले जातात आणि नलिका फुगली आहे का, हे सोनोग्राफीत पाहिले जाते.

विदर्भात या क्रमाला सिकलसेलचा विचार जोडावा लागतो. मध्य भारतातील या आनुवंशिक विकाराची नोंद शुक्ला आणि सोळंकी या संशोधकांनी 1958 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडली. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी लवकर मोडतात, बिलिरुबिन वाढते आणि पित्ताशयात त्याचेच खडे ऐन तरुणपणी, कधी बालपणीही धरतात. डोळ्यांचा पिवळेपणा नित्याचाच असल्याने खडा नलिकेत उतरल्याची खूण घरच्यांच्या आणि प्रसंगी डॉक्टरांच्याही नजरेतून सुटते; मात्र उजव्या बरगडीखाली कळ, हुडहुडी भरून ताप आणि वाढलेली कावीळ ही त्रयी दिसल्यास नलिकेतील जंतुसंसर्ग गृहीत धरून तातडीने हालचाल करावी लागते. अशा वेळी तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्याच्या आरंभापर्यंत नेऊन, पित्तनलिकेच्या मुखाशी बारीक छेद देऊन, खडा फुग्याने किंवा जाळीने ओढून काढतात. पुढे पित्ताशय काढताना रुग्णाच्या शरीरातील पाणी, ऊब आणि प्राणवायू कमी पडू न देणे आवश्यक असते, अन्यथा पेशी विळ्याचा आकार घेऊन रक्तवाहिन्या अडवतात.

यंत्रे कितीही सूक्ष्म झाली तरी कोणती तपासणी आधी करावयाची, हे रुग्णाच्या विचारपुशीवरूनच ठरते. तालुक्याच्या रुग्णालयात काविळीच्या तरुण रुग्णाची सिकलसेल चाचणी आणि सोनोग्राफी वेळीच होईल, असा सुटसुटीत क्रम या परिषदेने आखून द्यावा, ही स्वागत समितीची अपेक्षा आहे.